धरण किती टक्के भरलं?

पोस्ट मोठी आहे. पाण्यावर आहे आणि डोंगरातल्या एका पावसाळी दिवसावर आहे. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा, मग हवं तर शिव्या घाला.

जुलै लागला की आमच्या लासुर्ण्यात सकाळी चहाच्या आधी एक काम असतं. मोबाईल उघडायचा आणि धरणाची टक्केवारी बघायची. भाटघर, नीरा देवघर, वीर, गुंजवणी. गावच्या ग्रुपवर रोज कुणीतरी आकडे टाकतं. एखाद्या दिवशी नाही आले तर लगेच विचारणा, "आज टक्का कुठाय?" बहुतेक वेळा टाकणारा मीच असतो. आकडा वाढला की खाली हात जोडलेले, फुलं, "जय मल्हार". नाही वाढला की सगळे गप्प.

बाहेरच्यांना हे येडेपणाचं वाटेल. पण आमचा इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही पडला तर. आमचं हिरवं दिसणारं जे काही आहे, ऊस, द्राक्ष, डाळिंब, ते सगळं नीरा डाव्या कालव्याच्या जिवावर. 1876 च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी हा कालवा खोदला, 1885 ला पाणी सुटलं. तेव्हापासून आमच्या आज्या-पणज्यांनी रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारं धरली, आता आम्ही मोबाईलची बॅटरी लावून धरतो. म्हणजे आमचं खरं आभाळ आमच्या डोक्यावर नाहीच. ते इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, भोर-वेल्ह्याच्या डोंगरावर आहे. आणि वयाची चाळिशी उलटली तरी ते आभाळ मी एकदाही बघितलं नव्हतं.

2022 चा जून आमच्याकडं कोरडाच गेला. तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून आमच्यावरनं अंथुर्ण्याला गेली, तरी रस्त्यावर धुरळाच. त्याच आठवड्यात पुण्यात कंपनीत असलेल्या एका वर्गमित्राचा फोन आला. राजगड ते तोरणा चालत जायचं, तीन दिवस, दोन तंबू, चौघं जण. एक आमचे मास्तर, एक खताचा दुकानदार, तो आणि मी. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "चालायचंच हाय तर वारीला चाल की. पावसात डोंगरावर तंबू ठोकून काय मिळणार?" उत्तर नव्हतं. म्हणलं, धरण भरताना बघून येतो. ते हसले, पण अडवलं नाही.

पहिला दिवस फार सांगण्यासारखा नाही. गुंजवण्यातून चोरदरवाजाने वर चढलो. रिमझिम होती. आमच्या पायांना सपाट रानाची सवय, त्यामुळे दुकानदार दर दहा पावलांना "आता किती राहिलं?" विचारत होता. रात्री पद्मावती देवीच्या देवळात पडलो. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. खाली कुणीतरी लिहिलं, "येताना पाऊस घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी माचीकडून आळू दरवाजाने बाहेर पडलो आणि तोरण्याच्या सोंडेला लागलो. तासाभरात पावसानं धरलं. आमच्याकडं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, वाजत-गाजत, अर्धा तास बसतो आणि जातो. इथं तो घरच्यासारखा होता. आवाज नाही, गडगडाट नाही, नुसता पडत होता. रेनकोटाच्या आत पाणी, बुटाच्या आत पाणी, सॅकमधल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी. दहा फुटांपुढचा माणूस धुक्यात दिसेना.

एका जागी धुकं जरा फाटलं. मित्र म्हणाला, "थांबा, आता बघा." सोंड एवढी अरुंद की दोन्हीकडं उतार. डाव्या हाताला खाली वेळवंडीचं खोरं, लांबवर भाटघरचं पाणी. उजव्या हाताला कानंदीचं खोरं, ते गुंजवणी धरणाकडं जाणारं. तो म्हणाला, "तुझ्या टोपीवरनं डावीकडं गळालेला थेंब भाटघरला जाणार, उजवीकडं गळालेला गुंजवणीला. आणि दोन्ही शेवटी नीरेत. वीर धरणात एकत्र."

मला खरंच गंमत वाटली. कारण आम्ही खाली काय करतो? वीरपाशी एकत्र आलेलं पाणी पुन्हा डावं आणि उजवं करतो. डावा कालवा आमचा, पुरंदर-बारामती-इंदापूरचा. उजवा त्यांचा, खंडाळा-फलटण-माळशिरसचा. 2019 ला नीरा देवघरच्या पाण्यावरून केवढं रण पेटलं होतं, आठवतं ना? त्यात मीही घोषणा दिल्यात. आणि इथं डोंगर दोन्हीकडं वाटत होता, न मोजता.

मी तिथं उभा राहून दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "पड बाबा पड! असाच पड!" मास्तरांनी व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ माझ्याकडं अजून आहे. कुणाला दाखवत नाही.

पुढं तासाभरात वाट चुकली. चूक आमचीच. स्थानिक वाटाड्या घेतला नव्हता, "मोबाईलवर नकाशा आहे की" म्हणालो होतो, आणि मोबाईल भिजून बंद. वाऱ्यानं उभं राहवेना. दुकानदार घसरला, गुडघा फुटला. दुपारी एकच्या सुमाराला, जरा सपाट दिसली तिथं तंबू लावायचं ठरवलं. एक तंबू वाऱ्यानं उभाच राहू दिला नाही. दुसरा लागला, त्यात चौघं घुसलो, आणि वीस-पंचवीस मिनिटांत खालून पाणी वर आलं. आम्ही तंबू वाहत्या पाण्याच्या वाटेत लावला होता. उसाला पाणी देण्यात जन्म गेला, पण पाणी कुठनं वाहणार हे मला कळलं नाही.

तेवढ्यात बाहेर आवाज आला, "कोन हाय रं आत?" डोक्यावर घोंगडं, हातात काठी, साठीचा माणूस. म्हशी शोधायला आला होता. आमच्याकडं बघून म्हणाला, "पाव्हणं, हितं ऱ्हाऊ नगा. वरनं दगूड येत्यात. चला घरी."

घर म्हणजे सोंडेच्या पोटातली दोन-तीन घरांची वस्ती. पडवीत म्हशी, आत चूल. आम्ही दारात उभे राहिलो तर अंगावरनं धार लागलेली. घरातल्या मावशींनी एक शब्द विचारला नाही, चुलीत लाकडं सारली आणि म्हणाल्या, "कापडं काढा, बसा हितं." नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, कोरा चहा. दुकानदाराच्या गुडघ्याला हळद लावली. दुपारी दोन ते रात्रीपर्यंत आम्ही त्या चुलीपुढं बसून होतो. पाऊस एक मिनिट थांबला नाही.

बोलता बोलता मामांनी विचारलं, "कुठलं म्हनायचं?" लासुर्णे त्यांना माहीत नव्हतं. बारामती म्हणलं की ओळख पटली. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "मामा, तुमचा पाऊस आमच्याकडं येतो. भाटघरचं पाणी कालव्यानं आमच्या रानात. इथं पाऊस पडला की आमच्या गावात पेढे वाटायचं बाकी राहतं." मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

ते चुलीकडं बघत म्हणाले, "तुमी म्हनता पडू दे. आमी रातच्याला म्हनतो, आता थांब."

मग एकेक निघत गेलं. आदल्या वर्षी, 22 जुलै 2021 ला, घाटाखाली महाडकडं तळियेवर डोंगर आला होता. ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याच्या आधी 30 जुलै 2014 ला आंबेगावात माळीण, तिथं दीडशेवर. ही नावं आम्ही टीव्हीवर ऐकली आणि चार दिवसांनी विसरलो. या घरात ती नावं रोज रात्री झोपताना आठवतात. घराच्या मागं डोंगरच आहे. पळायचं तर पुढं दरी.

सून दिसत नव्हती. मावशी म्हणाल्या, "दिवस गेल्यात तिला. पाऊस लागायच्या आधीच खाली बहिनीकडं नेऊन ठिवली. पावसात हितनं उतरवायचं म्हंजी झोळी करून चार मानसं लागत्यात, आन चार मानसं आनायची कुठनं?" नातू शाळेला? "वढ्याला पानी आलं की शाळा बंद." हे सगळं त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. आम्ही कसं सांगतो, यंदा आवर्तन उशिरा आलं, तसं.

मी विचारलं, पाण्याचं काय? एवढा पाऊस, पाण्याची काय कमी असणार! मावशी हसल्या. म्हणाल्या, "आता इचारताय व्हय? मे महिन्यात या, मंग दावते."

त्या रात्री आम्ही चौघं पडवीत, म्हशींच्या शेजारी. झोप कुणालाच नाही. रात्री मामा तीन वेळा उठले. बॅटरी घेऊन घरामागं जायचे, दोन मिनिटांनी परत यायचे. तिसऱ्या वेळी मी पण मागं गेलो. घरामागं एक झरा होता. मामा त्याच्या पाण्यावर बॅटरी मारून बघत होते. म्हणाले, "निवळ हाय तवर भ्या न्हाई. एकदम गढूळ झालं, न्हाईतर पडायचं बंद झालं, की समजायचं वर काय तरी हललं. मंग निघायचं."

मी त्या बॅटरीच्या उजेडाकडं बघत उभा राहिलो. रात्री बॅटरी घेऊन पाणी बघणारा माणूस मला नवा नव्हता. मीच तो आहे. माझे वडील, माझे आजोबा तेच. फक्त आम्ही बघतो पाणी आलं का, आणि हा माणूस बघतो डोंगर आला का.

सकाळी पाऊस जरा ओसरला. तोरणा सोडून दिला. मामांनी आम्हाला सोंड ओलांडणाऱ्या डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडलं. पैसे देऊ केले तर रागावले. शेवटी मास्तरांनी नातवाच्या वह्या-पुस्तकांना म्हणून हातात कोंबले. रस्त्यावर दुकानदाराच्या मोबाईलला रेंज आली आणि ग्रुप टणटण वाजायला लागला. एका रात्रीत भाटघरचा आकडा चांगलाच उडाला होता. खाली फुलं, हात जोडलेले. एकानं लिहिलं होतं, "लय भारी बातमी! असाच पडूदे आठ दिवस." एरवी ते मीच लिहिलं असतं.

मावशींनी बोलावलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी मे महिन्यात खरंच गेलो. या वेळी एकटा, मोटारसायकलवर, भोरकडून. भाटघर खाली गेलेलं. कांबऱ्याला गेलो तर कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर आलेलं. हे देऊळ वर्षातले बहुतेक महिने धरणाच्या पाण्यात असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दर्शन होतं. लोक नारळ घेऊन आले होते. मी पण हात जोडले. मग डोक्यात आलं की हे पाणी गेलं कुठं? त्याच वेळी आमच्याकडं उन्हाळी आवर्तन चालू होतं. आमच्या चारीला पाणी होतं, म्हणून इथला देव बाहेर आला होता.

वर वस्तीवर गेलो. जुलैत जो झरा मामा रात्री बॅटरीनं बघत होते, त्याला करंगळीएवढी पण धार नव्हती. खाली अर्ध्या तासाच्या उतारावर एक डबरा. मावशी आणि बाळंत होऊन आलेली सून, दोघी वाटीनं पाणी हंड्यात भरत होत्या. हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी बसून बघितलं. मग डोक्यावर घेऊन चढ. मी एक कळशी उचलली, निम्म्या चढावर दम लागला. सून मागनं हसत होती. तिथनं खाली भाटघरचं उरलेलं पाणी निळं दिसत होतं. दिसत होतं एवढंच.

आता हिशोब. हिशोबाशिवाय आमच्याकडं कुणी काही ऐकत नाही.

सरकारच्या जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. 50 माणसांची वस्ती धरा. दिवसाला 2,750 लिटर. वर्षाला साधारण 10 लाख लिटर.

आता आपला ऊस. पाटानं मोकळं पाणी दिलं तर एका हेक्टरला पीक निघेपर्यंत दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. एकराला 80 लाख ते एक कोटी. गुंठ्याला दोन-अडीच लाख.

म्हणजे त्या पन्नास माणसांचं अख्ख्या वर्षाचं पाणी म्हणजे आपला चार-पाच गुंठे ऊस. बांधाच्या कडेला जो वाया जातो तेवढा. नीरा खोऱ्यातली ही चारही धरणं भरली की 48 टीएमसी होतात, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. त्यात 10 लाख लिटर कुठं शोधणार? टक्केवारीत तो आकडा शून्याच्या पुढं किती शून्यांनंतर येईल ते मास्तरांना विचारा.

कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "मग आम्ही काय त्यांचं पाणी चोरलं का?" नाही चोरलं. आपल्या आज्यांनी दुष्काळात खडी फोडलीय, फुकट काही मिळालेलं नाही. "टेलला आम्हालाच पाणी पोचत नाही, त्याचं काय?" खरंय. मी स्वतः सात नंबर अर्ज भरून पाळीची वाट बघत बसलोय, वरच्यांनी दारं फोडलेली बघितलीत, भांडणं केलीत. हेडवाले टेलवाल्यांचा विचार करत नाहीत, ही आपली कायमची तक्रार. पण आपण ज्याला हेड म्हणतो, त्याच्याही वर एक हेड आहे. पाणी तिथनं सुरू होतं, आणि त्यांच्यासाठी आपण तेच झालोय जे आपल्यासाठी वरचे झालेत.

"धरणाचं पाणी एवढ्या उंच चढवायचं कसं?" हा प्रश्न बरोबर आहे. चढवणं परवडणार नाही. पण चढवायची गरजच काय? पाणी आधी त्यांच्याच डोक्यावर पडतं. झरा बांधून घ्या, खडकात टाकी काढा, छपराचं पाणी साठवा. ही काही नवी अक्कल नाही. त्याच सोंडेच्या टोकाला राजगडावर पद्मावती तळं आहे, संजीवनी माचीवर टाकी आहेत. महाराजांची राजधानी पंचवीसेक वर्षं त्या उंचीवर नांदली ती साठवलेल्या पावसावर. साडेतीनशे वर्षांपूर्वी जमलं, ते आता दोन-तीन घरांसाठी जमत नाही? एका वाडीत तर मी नवाकोरा नळ बघितला. दारात उभा, तोटी चकचकीत. पाणी कधी आलं विचारलं तर म्हातारी म्हणाली, "उद्घाटनाला."

माझं म्हणणं एवढंच आहे. कालवा सल्लागार समितीची बैठक होते तेव्हा आपण आवर्तन किती आणि कधी यावर भांडतो. भांडलंच पाहिजे. पण त्याच बैठकीत आपल्यातल्या एकानं उठून विचारावं, की धरणाच्या वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात प्यायला पाणी आहे का? हा प्रश्न त्यांनी विचारला तर कुणी ऐकत नाही, कारण मतं थोडी. आपण विचारला तर ऐकतील, कारण आपण बारामती-इंदापूरचे. एवढं वजन आपल्या नावाला आहे, ते एकदा दुसऱ्यासाठी वापरून बघू.

दुसरं आपल्या हातातलं. मी यंदा दोन एकर ठिबकवर घेतलाय. पुण्य म्हणून नाही, पाणी पुरत नाही म्हणून. पण ते करताना त्या चार-पाच गुंठ्यांची आठवण होती, हे खोटं नाही.

आणि तिसरं, पावसाळ्यात ट्रेकला जाणाऱ्या पोरांसाठी. हवामान खात्याचा इशारा असेल तर घरी बसा. जाणारच असाल तर स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या दिवसाचे नीट पैसे द्या. आमच्यासारखं चुकून त्यांच्याच चुलीवर ओझं होऊ नका. तंबू पाण्याच्या वाटेत लावू नका, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागतंय, लाज वाटते.

वडिलांना परत आल्यावर सगळं सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्या पाण्यावर मी पन्नास वर्षं ऊस काढला. वर कुणी राहतंय, हे कधी डोक्यात आलं नाही." वडिलांचं वय आता ऐंशीच्या घरात. त्यानंतर एक फरक मात्र झालाय. जुलैत ग्रुपवर टक्का आला की मी त्यांना वाचून दाखवतो. आधी ते विचारायचे, "किती भरलं?" आता आधी विचारतात, "वर सगळं बरं हाय का?"

मामांकडं फोन आहे, पण रेंज सोंडेवर गेल्यावरच. त्यामुळे उत्तर लगेच कधीच मिळत नाही. आकडा मात्र सकाळी सातलाच येतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडू, पण डावा-उजवा बाजूला ठेवून.

— लासुर्ण्याचा एक कालव्याखालचा शेतकरी